मृत्युपत्र : जिवंतपणी सांगायची गोष्ट

(इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशीम येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय काढला तेव्हा मागच्या रांगेतून कुजबूज झाली, "मरणाच्या गोष्टी काऊन करता, बाई?" प्रश्न बरोबर आहे. भरल्या घरात मरणाचे नाव काढू नये अशी आपली रीत. पण याच रीतीतल्या म्हाताऱ्या बाया पेटीच्या तळाशी एक कोरे लुगडे घडी घालून ठेवतात, आणि त्याच्या पदराला चार पैसे बांधून ठेवतात. आपल्या मातीला कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून. त्याला कोणी अपशकुन म्हणत नाही, शहाणपण म्हणतात. मी आज तुम्हाला त्या लुगड्याच्या घडीत एक कागद ठेवायला सांगणार आहे. त्या कागदाचे नाव मृत्युपत्र. कोणी त्याला इच्छापत्र म्हणतात, कोणी व्हील.

दुसरा प्रश्न मला गावोगाव ऐकू येतो. "माह्याजवळ हाये काय, लिहून ठेवाले?" चला, मोजू या. घरकुल मंजूर झाले ते पुष्कळ ठिकाणी बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे असते. बचत गटात दर महिन्याला टाकलेले पैसे आहेत. बँकेचे खाते आहे. अंगावरची पोत, पाटल्या आहेत. दोन शेळ्या, एक शिलाई मशीन. नवऱ्यामागे सातबाऱ्यावर नाव लागले असेल तर वावरात हिस्सा आहे. माहेरच्या वावरातही हिस्सा आहे, तुम्ही तो मागितला नसला तरी. हे सगळे तुमचे आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने बाईच्या ताब्यातली मिळकत पूर्ण मालकीची केली. त्याआधी १९३७ चा कायदा होता. डॉ. गो. वि. देशमुखांनी तो आणला म्हणून लोक त्याला देशमुख कायदा म्हणत. त्यात विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, पण तो हयातीपुरता. खायचे, पण विकायचे नाही, द्यायचे नाही. द्यायचा अधिकार हाच मालकीचा खरा पुरावा. तो अधिकार आपल्या हाती येऊन पाऊणशे वर्षे होत आली, आणि आपल्यापैकी फार थोड्या जणी तो वापरतात.

तुम्ही लिहिले नाही तर कायद्याने लिहून ठेवले आहे

पुष्कळांना वाटते, मृत्युपत्र केले नाही तर काही ठरत नाही, पुढे मुले बघून घेतील. तसे नाही. तुम्ही लिहिले नाही तर तुमच्यासाठी सरकारने कायद्याच्या पुस्तकात आधीच लिहून ठेवले आहे. ते तुमच्या मनासारखे आहे की नाही एवढेच बघायचे.

आधी पुरुषाचे बघू. समजा नवऱ्याने स्वतःच्या कमाईने चार एकर वावर घेतले आणि काही न लिहिता तो वारला. मागे बायको, म्हातारी आई, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी. चार एकराचे पाच सारखे वाटे पडतात, प्रत्येकी ३२ गुंठे. आईला, बायकोला, मुलीलाही तेवढेच. एखादा मुलगा आधीच वारला असेल तर त्याचा वाटा त्याच्या बायकोला आणि लेकरांना जातो.

वडिलोपार्जित वावराचा हिशेब थोडा वेगळा. तिथे आधी वाटणी झाली असे धरतात आणि मेलेल्या माणसाच्या हिश्शाचेच वाटे पाडतात. आपल्या महाराष्ट्रातला एक गाजलेला दावा आहे, हिराबाई मगदूम यांचा. नवरा १९६० साली वारला. मागे हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी १९६२ मध्ये दावा लावला. खालच्या कोर्टाने त्यांना चोविसावा हिस्सा दिला. त्या लढत राहिल्या. शेवटी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाप आणि मुलांची वाटणी झाली असती तर बायकोलाही एक वाटा मिळाला असता. तो चौथा हिस्सा तिचा स्वतःचा, आणि नवऱ्याच्या चौथ्या हिश्शातला सहावा भाग वारस म्हणून वेगळा. म्हणजे २४ एकर असते तर एक एकराच्या जागी सात एकर. पण त्यासाठी १६ वर्षे कोर्टाची पायरी चढावी लागली, तीही पोटच्या मुलाविरुद्ध.

मुलींचे सांगायचे तर महाराष्ट्राने देशाच्या आधी पाऊल टाकले. २२ जून १९९४ पासून आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मजात हक्क मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ मध्ये देशभराचा कायदा बदलला आणि ती लग्नाची अट गेली. बाप त्या दिवशी जिवंत हवा होता की नको यावर वाद चालला, तोही ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मिटवला. हक्क जन्माने आहे, बाप हयात असो वा नसो. आधीच रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

बाईच्या मिळकतीचे काय होते?

आता बाईचे बघू. इथे मात्र नीट कान द्या. बाई काही न लिहिता वारली तर तिच्या कमाईचे पहिले वारस मुले आणि नवरा. मुले नसतील, नवराही नसेल, तर? तुम्ही म्हणाल आईबाप. नाही. कायदा म्हणतो, नवऱ्याचे वारस. म्हणजे सासू, दीर, नणंद, त्यांची मुले. त्यांच्यापैकी कोणीही नसेल तरच तिच्या आईबापांची पाळी येते. माहेरकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी, मूलबाळ नसेल तर, बापाच्या वारसांकडे परत जाते. पण तिने स्वतः घाम गाळून कमावलेले सासरच्या वाटेने जाते.

हे कसे घडते ते नारायणीदेवीच्या दाव्यात दिसते. १९५५ साली लग्न झाले, तीन महिन्यांच्या आत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी सांभाळले, शिकवले. ती नोकरीला लागली. सासरच्यांनी पुन्हा तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. १९९६ मध्ये ती वारली. बँकेत पैसे होते, भविष्य निर्वाह निधी होता. मृत्युपत्र नव्हते. म्हाताऱ्या आईने अर्ज केला. आणि चाळीस वर्षांपूर्वी जिला हाकलले तिच्या पैशावर हक्क सांगायला नवऱ्याच्या बहिणीची मुले पुढे आली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवले आणि पैसे त्या मुलांना गेले. माहेरच्यांनी दिलेला आधार, तिने केलेली नोकरी, काही काही मोजले गेले नाही.

अजून एक गोष्ट आपल्या परित्यक्ता बहिणींसाठी. नवरा टाकून गेला, पंधरा वर्षे फिरकला नाही, दुसरीबरोबर राहतो. पण कोर्टातून फारकत झाली नसेल तर कायद्याने तो अजून नवराच आहे, आणि तुमचा वारस आहे. मुले असतील तर मुलांच्या बरोबरीने एक वाटा त्याचा. मूल नसेल तर तुमची सगळी कमाई त्याची. मोलमजुरी करून, शिवणकाम करून जे जोडले ते त्याच्या दारी जाईल. गावची चार माणसे बसून सोडचिठ्ठी झाली असेल तर त्यावर विसंबू नका. ती कोर्टात टिकेल याचा भरवसा नाही.

हा कायदा अन्यायाचा आहे, बदलला पाहिजे, असे स्त्री संघटना कित्येक वर्षे सांगत आल्या आहेत. कलमाविरुद्धचा एक अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे होता. १९ नोव्हेंबर २०२५ ला न्यायालयाने तो निकालात काढला. कलम घटनेला धरून आहे की नाही यावर निर्णय दिला नाही, पण जाताना सगळ्या बायकांना, विशेषतः हिंदू बायकांना, आवाहन केले की मृत्युपत्र करा, म्हणजे तुमच्यामागे माहेर आणि सासर यांच्यात तंटा होणार नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आपण त्यासाठी मोर्चे काढत राहू. पण तोपर्यंत त्या कलमातून बाहेर पडायचा दरवाजा कायद्यानेच ठेवला आहे. एक कागद, तुमची सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदार.

हेच हत्यार आपल्याविरुद्धही चालते

इथे कोणी विचारेल, मृत्युपत्राने तर मुलींचा घात होतो, मग त्याचा प्रचार कशाला? खरे आहे. मुलींना हक्क मिळाल्यापासून काही बाप मृत्युपत्र करून सगळे मुलग्यांच्या नावे लिहितात. तेही जमले नाही तर राखीच्या नाहीतर भाऊबीजेच्या दिवशी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतात. माहेर तुटेल या भीतीने ती अंगठा देते. म्हणून हे पक्के लक्षात ठेवा. माणूस मृत्युपत्राने स्वतःच्या हिश्शाचेच देऊ शकतो. वडिलोपार्जित वावरातला मुलीचा स्वतःचा हिस्सा बापाच्या मृत्युपत्राने जात नाही. आणि बायकोला किंवा इतर अवलंबून असलेल्यांना मृत्युपत्रात काही ठेवले नसेल, तर ज्यांच्याकडे मिळकत गेली त्यांच्याकडून पोटगी मागण्याचा हक्क १९५६ च्याच दत्तक व निर्वाह कायद्याने दिला आहे.

आणखी एक खोच आहे. पुष्कळ नवरे चांगल्या मनाने लिहितात, "माझ्या पत्नीने हयातीपर्यंत उपभोग घ्यावा, नंतर मुलांनी वाटून घ्यावे." वाचायला बरे वाटते. पण असे लिहिल्याने ती बहुधा स्वतःच्या वावराची राखणदार होऊन बसते. दवाखान्याला पैसे लागले तरी तिला गुंठा विकता येत नाही, लेकीला देता येत नाही. नवऱ्याला द्यायचेच असेल तर "पूर्ण मालकी हक्काने" असे शब्द लिहायला सांगा. शब्दाने राज्य जाते म्हणतात, इथे वावर जाते.

मात्र जिवंतपणी सातबाऱ्यावर नाव लागणे हे मृत्युपत्रापेक्षा केव्हाही बरे. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचे बायकांचे अधिवेशन झाले. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला आणि गावोगाव नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला. १९९२ मध्ये सरकारनेही बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचे परिपत्रक काढले. ज्या जिल्ह्यांत कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले, त्यांत आपला वाशीम आहे. मागे राहिलेल्या बायांना विचारा, सातबाऱ्यावर नाव नसले की पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, कशासाठी कुठे कुठे फिरावे लागते. नवऱ्याशी बोलायचे असेल तर हे दोन्ही बोला. आधी नाव, मग मृत्युपत्र.

धडधाकट असताना लिहायचे

मृत्युपत्र म्हणजे म्हातारपणी, खाटेला खिळल्यावर करायचे काम, असा समज आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी मृत्युपत्र केले ते १८८७ साली. तेव्हा ते कामात होते. पक्षाघाताचा झटका त्यांना १८८८ मध्ये आला. स्वतःचे मूल नव्हते. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला होता, आणि नात्यातल्यांना ते पटले नव्हते. म्हणून त्यांनी यशवंताची बाजू कागदावर पक्की केली. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून पुतण्या आडवा आला. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे हाती घेऊन चालू लागल्या. तो प्रसंग आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पण त्यामागे तीन वर्षे आधी विचार करून केलेला कागद होता, हे फारसे सांगितले जात नाही. ज्यांचे घर चारचौघांसारखे नाही, दत्तक मूल आहे, एकटी बाई आहे, जातीबाहेर लग्न आहे, त्यांना तर कागद हवाच.

त्याच मृत्युपत्रात जोतीरावांनी आपला देह मीठ घालून पुरावा असेही लिहिले होते. नगरपालिकेने परवानगी दिली नाही, दहन करावे लागले. त्यातून दुसरा धडा घ्या. देहाविषयीची इच्छा लिहून ठेवली तरी ती पार पाडणे हयात माणसांच्या हाती असते. शिवाय मृत्युपत्र उघडेपर्यंत तेरावे होऊन गेलेले असते. ती इच्छा घरच्यांना तोंडी सांगून ठेवा.

एकदा लिहून भागत नाही

आपले दिवस बदलतात, तसा कागद बदलला पाहिजे. एक उदाहरण घ्या. पोरगा पंचविशीचा, लग्न व्हायचे आहे. भावाच्या नावे मृत्युपत्र केले. पुढे लग्न झाले, दोन लेकरे झाली, कागद पेटीतच राहिला. अपघातात गेला. हिंदू माणसाचे जुने मृत्युपत्र लग्न केल्याने आपोआप रद्द होत नाही. भाऊ कागद काढतो आणि बायको लेकरांना घेऊन उभी राहते. हा कागद करणारा वाईट नव्हता, त्याने फक्त तो पुन्हा उघडून पाहिला नाही.

म्हणून घरात लग्न झाले, लेकरू जन्मले, कोणी वारले, लेक परत आली, फारकत झाली, वावर घेतले किंवा विकले, की कागद काढून वाचा. ज्याला दिले तो आधीच गेला असेल तर? जे वावर लिहिले ते विकले गेले असेल तर? नवे करायचे असेल तर त्यात लिहा की याआधीची सगळी मृत्युपत्रे रद्द. शेवटचे धरले जाते, म्हणून तारीख घालायला विसरू नका. हवे तितक्या वेळा बदलता येते, कोणाची परवानगी लागत नाही.

कोणी म्हणेल, "एकदा लिहून दिले की पोट्टे विचारत नाहीत." ती गोष्ट बक्षीसपत्राची. बक्षीसपत्र म्हणजे आज दिले, आज हातातून गेले. मृत्युपत्र तुम्ही डोळे मिटल्यावरच चालू होते. तोवर वावर तुमचे, विकायचा अधिकार तुमचा, आणि मन बदलायचाही. म्हातारपणी कोणी "माय, इथे अंगठा दे" म्हणाले तर आधी विचारा, हे बक्षीसपत्र आहे, हक्कसोड आहे की मृत्युपत्र? तिन्ही कागद दिसायला सारखे, पण पहिल्या दोघांनी तुम्ही जिवंतपणी उघड्यावर येता. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिले आणि सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येते. पण ती अट कागदात लिहिलेली असली पाहिजे.

खात्यावर नाव लावले की झाले, असाही समज आहे. बँकेत जे नाव देतो ते नामनिर्देशन. ज्यांचे कालनिर्णय आपल्या भिंतीवर असते त्या जयंतराव साळगावकरांच्या घरातला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते, २०१३ मध्ये ते वारले, आणि काही गुंतवणुकींवर नामनिर्देशन होते. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की नाव लावले म्हणून तो माणूस मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. म्हणजे खात्यावर धाकल्याचे नाव असले तरी पैसे त्याच्या एकट्याचे नाहीत. नाव जरूर लावा, त्याने पैसे लवकर निघतात. पण तो मृत्युपत्राचा बदल नाही.

कसे करायचे?

आता कामाचे सांगते. अठरा वर्षे पूर्ण झालेली, शुद्धीवर असलेली कोणतीही बाई मृत्युपत्र करू शकते. लग्न झालेली, विधवा, एकटी, कोणीही. साधा कोरा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. मराठीत लिहा, जशी बोलता तशी लिहा.

कागदावर तुमचे पूर्ण नाव, वय, गाव. मी हे राजीखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय करते आहे, हे वाक्य. मग मिळकतीची यादी. वावर असेल तर सातबारा समोर ठेवून गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ. खाते असेल तर बँकेचे नाव आणि खाते नंबर. दागिने ओळखू येतील असे. मग कोणाला काय. एखाद्या मुलाला कमी दिले किंवा दिले नाही, तर का, हे दोन ओळींत लिहा. "त्याच्या शिक्षणाला खर्च केला", "ही लेक माझ्याजवळ राहून माझे करते." त्याने पुढचा तंटा कमी होतो. राहिलेल्या, नजरेतून सुटलेल्या सगळ्याचे काय, त्याचीही एक ओळ हवी. आणि हे सगळे पार पाडायला विश्वासाचा एक माणूस नेमा.

शेवटी तारीख, गाव, आणि प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा. दोन साक्षीदार हवेत. त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिले पाहिजे आणि तुमच्यासमोर त्यांनी सही केली पाहिजे. ज्याला काही दिले आहे त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका. साक्षीदार तुमच्याहून तरुण असावेत, कारण वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात उभे राहावे लागते. लिहिता वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्या, पण सबंध वाचून घ्या, आपल्या बोलीत समजून घ्या, गोरमाटी बोलणारीने गोरमाटीत, आणि "वाचून दाखवले, समजले" असे लिहवून घ्या. वय जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरचा दाखला घ्या. ज्याला सगळे मिळणार तोच कागद लिहून आणतो, तोच गाडीत बसवून नेतो, असे झाले की कोर्टाला संशय येतो. कोऱ्या कागदावर तर कोणालाही, नवऱ्यालासुद्धा, अंगठा देऊ नका.

नोंदणीची सक्ती नाही. तरी मी सांगेन, तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवा. फी नाममात्र आहे. कागद हरवला, फाडला, तरी तिथे नक्कल राहते. पण नोंदवले म्हणजे कोणी आव्हान देऊ शकत नाही असेही नाही. एक प्रत घरी, आणि ती कुठे आहे हे दोघांना तरी माहीत असू द्या.

मागे राहिलेल्यांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र घेऊन अर्ज द्यायचा. तो फेरफार लिहितो, नोटिसा काढतो, कोणी हरकत घेतली तर सुनावणी होते. फेरफार झाला म्हणून मालकीचा वाद कायमचा मिटला असे समजू नका. तो कोर्टच मिटवते.

मी हिंदू वारसा कायद्याचे बोलले. तो आपल्या बौद्ध, जैन, शीख बहिणींनाही लागू आहे, बंजारा बहिणींनाही. मुस्लिम बहिणींचे वेगळे आहे. त्यांना साधारणपणे मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते, आणि वारसाला द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. अनुसूचित जमातींना हा वारसा कायदा लागू नाही, तिथे रूढी चालते. त्या बहिणींनी, आणि वर्ग दोनची जमीन असलेल्यांनी, वकिलाला विचारूनच पुढे जावे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, बायकांना तिथे फुकट सल्ला मिळतो.

शेवटी

मुले भांडतील म्हणून आपण लिहीत नाही. पण न लिहिल्याने भांडण थांबत नाही, फक्त ते आपल्यामागे होते आणि आपले म्हणणे सांगायला आपण नसतो. आयुष्यभर घरात शेवटचे जेवलो, विचारल्याशिवाय बोललो नाही. "हे माझे आहे आणि मी ते हिला देते" हे वाक्य पुष्कळ जणींनी एकदाही उच्चारलेले नाही. ते एकदा लिहून पाहा. दोन शेळ्या आणि एक पोत असली तरी चालेल.

या महिन्यात एवढेच करा. आपल्या घराचा नमुना आठ आणि वावराचा सातबारा काढून आणा, आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते कोणाकडून तरी वाचून घ्या. माहेरचाही मागवा. पुढच्या बैठकीला ते कागद आणि यादी घेऊन या. आपण इथेच बसून, एकमेकींना विचारत, पहिली दहा मृत्युपत्रे लिहू. साक्षीदार आपल्याच असतील.